नॉर्मल की सिझर? आधी आजाराचं नाव सांगा

लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेली एखादी मुलगी कुणाकडून तरी नंबर मिळवून मला फोन करते. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, मला स्नायूंचा आजार आहे. नॉर्मल होईल, की सिझरच करावं लागेल?" मी उलट विचारते, आजाराचं नाव काय? पलीकडून उत्तर येतं, "डिस्ट्रॉफी म्हणालेत." फाइलवरही तेवढंच असतं.

डिस्ट्रॉफी हे स्नायू हळूहळू कमजोर करणाऱ्या आनुवंशिक आजारांच्या अख्ख्या कुळाचं नाव आहे, तेवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. मला स्वतःला लिंब-गर्डल डिस्ट्रॉफी आहे. जमिनीवरून उठायला मला खुर्ची लागते आणि जिना तर दिवस गेले तेव्हाच बंद झाला होता. तरीही माझ्यापेक्षा कितीतरी बरी चालणारी बाई बाळंतपणात माझ्यापेक्षा जास्त धोक्यात असू शकते. चालण्यावरून अंदाज बांधू नका. म्हणून नॉर्मल-सिझरच्या आधी तीन आजार शेजारी-शेजारी ठेवते. फोन याच तिन्हींचे जास्त येतात, आणि तिन्ही एकमेकांपासून फार लांबचे आहेत.

मायोटॉनिक, लिंब-गर्डल, मायस्थेनिया

मायोटॉनिक डिस्ट्रॉफी टाइप १ हा यातला फसवा गडी. बाईला वाटतं, मला तसं काही नाही. मूठ आवळली की पटकन सुटत नाही, थंडीत बरणीचं झाकण फिरवल्यावर बोटं आखडतात, मोतीबिंदू जरा लवकर आला, एवढंच. कित्येक बायकांना आपला आजार कळतो तो बाळ जन्मल्यावर. बाळ मलूल असतं, चोखायला आणि रडायला त्याच्या अंगात ताकद नसते. मग डॉक्टर आईशी हात मिळवून तिची मूठ पटकन सुटते का ते बघतात.

हा आजार हातापायांपुरता राहत नाही. गर्भाशय, आतडी, हृदयातली विजेची वाहिनी, सगळीकडे त्याचा हात पोचतो. कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात, पुढे त्या मंद पडतात, आणि बाळ झाल्यावर गर्भाशय नीट आवळलं नाही तर रक्तस्राव होतो. पोटात पाणी फार वाढलं असेल तर तीही एक खूण आहे, कारण आजारी बाळ पाणी गिळत नाही. आईकडून बाळाकडे आजार जाण्याची शक्यता प्रत्येक खेपेला ५० टक्के. शिवाय डीएमपीके जनुकातला बिघडलेला तुकडा पुढच्या पिढीत जाताना बऱ्याचदा लांबतो, म्हणून आईला सौम्य आणि बाळाला तीव्र असं घडतं. जन्मतःच दिसणारा तीव्र प्रकार जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो, वडिलांकडून क्वचित.

लिंब-गर्डलमध्ये चित्र जवळपास उलटं. कंबर, मांड्या, खांदे खिळखिळे, पण गर्भाशय शाबूत. गर्भाशयाचा स्नायू वेगळ्या जातीचा, आपल्या इच्छेवर न चालणारा. तो या आजाराच्या तडाख्यात सहसा सापडत नाही, त्यामुळे कळा येतात आणि व्यवस्थित येतात. अडचण पुढे असते. जोर लावायला पोटाचे स्नायू हवेत, पाय फाकवून धरायला मांड्या हव्यात. आईची ताकदही शेवटच्या तिमाहीत उतरते. वजन वाढतं, तोल जातो, पडायला होतं. बाळंतपणानंतर सगळी ताकद परत आली नाही असं बऱ्याच जणी सांगतात. माझीही आली नाही. हृदयाचं मात्र उपप्रकारावर, म्हणजे स्नायूतलं कोणतं प्रथिन बिघडलंय त्यावर आहे. कॅल्पेनच्या प्रकारात ते सहसा वाचतं, पण सार्कोग्लायकन किंवा लॅमिनच्या प्रकारात हृदय कमकुवत होऊ शकतं. त्यामुळे उपप्रकार कळेपर्यंत इको आणि ईसीजी टाळू नका.

बाळाच्या दृष्टीनं लिंब-गर्डल बराच दयाळू आहे, कारण बहुतेक उपप्रकारांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं. नवऱ्यात ते नसेल तर मूल नुसतं वाहक होतं, आजारी होत नाही. आपल्याकडे एक मेख आहे. लग्न घरातच, आत्याच्या मुलाशी झालं असेल, तर नवऱ्याकडे तेच जनुक असण्याची शक्यता खूप वाढते.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा डिस्ट्रॉफी नव्हेच. शरीरानं स्वतःच्याच विरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी मज्जातंतू आणि स्नायूच्या सांध्यावर बसतात. सकाळी बरं, संध्याकाळी पापण्या खाली, जेवताना जबडा थकलेला. गरोदरपणात काहींचा आजार सुधारतो, काहींचा बिघडतो, काहींना फरकच पडत नाही, आणि कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. बिघडण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत जास्त. हा आजार आनुवंशिक नाही, पण अँटिबॉडी वारेतून बाळात जातात. शंभरातल्या दहा-वीस बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अशक्तपणा दिसतो आणि काही आठवड्यांत तो पूर्ण ओसरतो. म्हणून बाळ तिसऱ्या दिवशी घरी न्यायची घाई इथे नको.

एफएसएचडी (चेहरा, खांदे आणि दंडांची डिस्ट्रॉफी) आणि एसएमए (मज्जारज्जूतल्या चेतापेशी झिजून स्नायू कमजोर होण्याचा आनुवंशिक आजार) यांबद्दलही विचारलं जातं. एफएसएचडीत गरोदरपण बहुतेक बरं जातं, आजार बाळाकडे जायची शक्यता ५० टक्के, आणि खांद्यांमुळे खरा प्रश्न बाळ उचलण्याचा असतो. एसएमएत कण्याला बाक असतो आणि श्वास तोकडा. रिसडिप्लाम हे एसएमएचं औषध घेत असाल तर दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी ते थांबवावं लागतं, म्हणजे ही गोष्ट न्यूरॉलॉजिस्टशी आधीच बोलायची. रिपोर्ट हातात आल्यावर उशीर झालेला असतो.

आता नॉर्मल की सिझर

घरच्यांचं मत ठरलेलं असतं, "हिला कुठे झेपणार, सरळ सिझर करा." ते काळजीपोटी म्हणतात, पण नुसता स्नायूंचा आजार हे सिझरचं कारण होत नाही.

मायस्थेनियात पहिला टप्पा, म्हणजे पिशवीचं तोंड उघडेपर्यंतचा, गर्भाशय स्वतःच्या बळावर पार पाडतं. दमछाक होते ती जोर लावायच्या टप्प्यात. तिथे व्हॅक्युम किंवा चिमट्यानं मदत करून बहुतेकींचं बाळंतपण खालूनच होतं. लिंब-गर्डलमध्येही ते शक्य असतं. पाठीवर झोपवून पाय टांगण्यापेक्षा कुशीवर झोपून, वरचा पाय कुणीतरी धरून ठेवला तर बरंच सोपं जातं. मायोटॉनिकमध्ये कळा रेंगाळल्या तर सिझरकडे वळावं लागतं, आणि दोन्ही वाटांवर रक्तस्रावाची तयारी आधीपासून लागते.

सिझरच्या विरुद्ध आमच्यासारख्यांच्या बाबतीत एक मुद्दा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. टाक्यांमुळे पोटाचे स्नायू काही आठवडे कामाचे राहत नाहीत. ज्या बाईला कुशीवर वळायलाच पोटाचा जोर लागतो, तिला टाके म्हणजे अंथरुणाला खिळणं. आणि डिस्ट्रॉफीत अंथरुणात गेलेली ताकद सहज परत मिळत नाही.

तरी मी सिझरच निवडलं. माझे खुब्याचे सांधे आखडले होते आणि झोपल्यावर श्वास अपुरा पडत होता. रात्री दोन वाजता घाईनं सिझर होण्यापेक्षा दिवसाउजेडी, सगळी माणसं हजर असताना झालेलं बरं, एवढाच माझा हिशेब. तुमचे सांधे मोकळे आणि श्वास चांगला असेल तर माझ्या हिशेबानं जाऊ नका.

श्वास कसा मोजायचा, तर एफव्हीसी ही फुंकण्याची तपासणी बसून एकदा आणि आडवं झोपून एकदा. झोपल्यावर आकडा बराच घसरला तर श्वासपटल कमजोर आहे. वाढणारं गर्भाशय त्यालाच खालून ढकलत असतं. एफव्हीसी ५० टक्क्यांच्या खाली असेल तर छातीच्या डॉक्टरांशिवाय पुढचं पाऊल नको, कदाचित रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र लागेल. सकाळी डोकं जड होऊन उठणं हे बऱ्याचदा पहिलं लक्षण असतं. आपण त्याला गरोदरपणाचा त्रास म्हणून सोडून देतो.

भूल

इथे तिघींचे धोके वेगवेगळे आहेत. पाठीतून दिलेली भूल, स्पायनल किंवा एपिड्युरल, तिन्ही आजारांत पूर्ण भुलेपेक्षा बरी मानतात, फक्त तिचा असर छातीपर्यंत चढू द्यायचा नसतो. पूर्ण भूल द्यावीच लागली तर मायोटॉनिक आणि इतर डिस्ट्रॉफींत सक्सिनिलकोलिन हे औषध टाळायचं. डिस्ट्रॉफीत स्नायू फुटून रक्तातलं पोटॅशियम एकदम चढू शकतं, मायोटॉनिकमध्ये जबडा आणि छाती आखडू शकते. मायोटॉनिकमध्ये झोपेच्या आणि अफूवर्गीय वेदनाशामक औषधांचा नेहमीचा डोससुद्धा श्वास मंदावतो. मायस्थेनियाला सगळ्यात जपायचं ते मॅग्नेशियम सल्फेटपासून. गरोदरपणात रक्तदाब चढला, आकडीची भीती वाटली की प्रसूती विभागात हात सवयीनं त्याच औषधाकडे जातो. जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्सही मायस्थेनियात त्रास देतात.

भूलतज्ज्ञांना सातव्या-आठव्या महिन्यातच भेटा. ऑपरेशन टेबलावर पहिली ओळख व्हायला नको.

रक्ताच्या तपासण्यांची एक गंमत सांगते. तेव्हा मात्र ती गंमत वाटली नव्हती. एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले पाहून एका दवाखान्यात माझ्या यकृताला गरोदरपणाचा गंभीर आजार झाल्याचं सांगून टाकलं. हे दोन्ही एन्झाइम स्नायूंतूनही येतात. डिस्ट्रॉफीत सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम रक्तात वाढलेलं असतं तेव्हा तेही वाढतात. दिवस राहण्याआधीचा एक जुना रिपोर्ट दाखवला आणि प्रकरण मिटलं. तो रिपोर्ट जपून ठेवा.

माहेर की मोठं हॉस्पिटल

पहिली खेप माहेरी, ही आपली रीत. तालुक्याचे डॉक्टर ओळखीचे, आई जवळ, खर्च कमी. माझं मत स्पष्ट आहे. मायोटॉनिक आणि मायस्थेनियात नको. जिथे चोवीस तास भूलतज्ज्ञ, व्हेंटिलेटरचा आयसीयू, बाळासाठी एनआयसीयू आणि रक्तपेढी एका छताखाली आहे तिथेच नाव घाला, आणि आईला तिकडे बोलावून घ्या. सौम्य लिंब-गर्डल, हृदय आणि श्वास चांगला, तर जिल्ह्याच्या ठिकाणचं चांगलं हॉस्पिटल चालू शकतं. मुंबईचं केईएम हे दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. तिथून निदान सल्ल्याचं पत्र मिळालं तरी पुढच्या डॉक्टरांना धीर येतो.

बाळाची तपासणी

मायोटॉनिक किंवा एफएसएचडी असेल तर दोन वाटा. एक, दिवस राहू द्यायचे आणि ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासायचं. दुसरी, आयव्हीएफ करून गर्भ आत सोडण्यापूर्वीच तपासायचा. पहिली स्वस्त, पण रिपोर्ट वाईट आला तर गर्भपाताचा निर्णय समोर उभा राहतो. दुसरी लाखांच्या घरात जाते, इंजेक्शनं, फेऱ्या आणि अपयशही सोसावं लागतं, पण तो प्रसंग बराचसा टळतो. दोन्हींसाठी तुमचा स्वतःचा जनुकीय रिपोर्ट आधी हवा, आणि तो यायला आठवडे लागतात. एफएसएचडीची तपासणी तर सगळ्या लॅबमध्ये होतही नाही. एक गोष्ट सेंटरवाले ठळकपणे सांगत नाहीत. आयव्हीएफनं बाळाचा धोका कमी होतो, आईच्या बाळंतपणाचा तसाच राहतो.

लिंब-गर्डलमध्ये या सगळ्याआधी नवऱ्याचं रक्त तपासा. त्याच्यात ते जनुक सापडलं नाही तर बाकीचा खर्च बहुधा वाचतो. मायस्थेनियाला जनुकीय तपासणी लागतच नाही. तिथे औषधं बघायची. मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट आधीच बंद, तर पायरिडोस्टिग्मिन आणि प्रेडनिसोलोन सहसा चालू ठेवतात. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. गरोदरपणात बायका हमखास तेच करतात.

कायद्याचंही सांगते. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर काही गटांतल्या स्त्रियांना २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो, त्यात मोठं शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रियाही येतात. पण ती सवलत आहे, सक्ती नाही. सज्ञान बाईचा निर्णय सासूबाई, आई किंवा डॉक्टर तिच्या वतीनं घेऊ शकत नाहीत.

सव्वा महिना

बाळंतिणीनं सव्वा महिना उठायचं नाही, हे आमच्या आजाराला मानवत नाही. फिजिओथेरपिस्टला दुसऱ्या दिवशीच बोलवा. आधी खाटेच्या कडेला बसायचं, मग दोघांच्या आधारानं उभं राहायचं. पायात गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं इंजेक्शन लागेल का, हेही विचारा. डिंकाचे लाडू खा, पण मोजून. वाढलेलं प्रत्येक किलो आपल्याच मांड्यांना उचलायचं आहे. मायस्थेनियात मात्र विश्रांती खरीच हवी, आणि रात्रीचं पाजणं घरच्यांनी काढून ठेवलेल्या दुधावर निभावलं तर उत्तम.

माझ्या घरी वाद झाला तो बाळाच्या आंघोळीवरून. पाटावर बसून, पाय पसरून, बाळ पायावर घालून न्हाऊ घालायचं, अशी आईची पद्धत. एकदा खाली बसले की मला कोण उठवणार? शेवटी जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, त्यावर टब ठेवला, टबाखाली ओलं फडकं घातलं म्हणजे तो सरकत नाही. मी खुर्चीत बसून बाळाची मान धरायची, आईनं पाणी घालायचं. बाळ टबातून उचलून टॉवेलवर ठेवणं शेवटपर्यंत आईकडेच राहिलं.