विट्याजवळची आमची जिल्हा परिषद शाळा: परमुलखातून परत आलेल्या पोरांसाठी कशी आहे?

खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे परमुलखात सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी कुटुंबं गावी परतायचं ठरवतात तेव्हा सगळ्यात आधी पोरांच्या शाळेपाशी अडतात. दुकान भावाकडं सोपवता येतं, घराला रंग देता येतो. पण जी पोरगी तमिळ वाचत वाढली तिला मराठी शाळेत कोण सांभाळून घेणार? मलाही हाच घोर होता. आम्ही कोइमतूरहून आलो तेव्हा थोरली तिसरीत जाणार होती आणि धाकटा पहिलीत. त्याच्या एका कानाला जवळजवळ ऐकू येत नाही, दुसऱ्या कानाला मशीन आहे. दोघांनाही विट्याजवळच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. शाळेचं नाव देत नाही, कारण पुढं तक्रारीही लिहिल्या आहेत. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक सर आणि एक मॅडम. अशा शाळा आपल्या तालुक्यात गावोगाव आहेत, म्हणून हे तुमच्या कामाला येईल.

आधी शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलो होतो. तिथं थोरलीला एक परिच्छेद वाचायला दिला आणि लगेच सांगितलं, हिला दुसरीतच बसवा. पोरगी समोर उभी होती, सगळं ऐकत होती. तिला कोइमतूरच्या शाळेत काय येत होतं, हे कुणी विचारलंच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. शाळा सुटलेलं पोर परत आलं तरी त्याला वयाप्रमाणं वर्ग द्यायचा आणि मागं राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, असं तो कायदा सांगतो. माझ्या पोरीची तर शाळा एक दिवसही सुटलेली नव्हती.

गावातल्या शाळेत मॅडमनी तिला तिसरीतच घेतलं. पहिले काही दिवस नुसत्या तिच्या वह्या पाहिल्या. मग मला बोलावून वही पुढं केली आणि म्हणाल्या, "ताई, हिच्या चुका बघा, सगळ्या एका ओळीतल्या आहेत." ती 'घर'चं 'कर' लिहायची, 'भात'चं 'पात', 'ढग'चं 'टक'. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारींना मिळून एकच अक्षर असतं. ट-ठ-ड-ढ, प-फ-ब-भ यांचंही तसंच. मॅडमना तमिळ येत नाही. चुका ओळीनं मांडल्यावर त्यांना शंका आली आणि त्यांनी पोरीलाच फळ्यावर तमिळ अक्षरं लिहायला लावली. मग मोठ्या पुठ्ठ्यावर तक्ता झाला: डावीकडं तमिळचं एक अक्षर, त्याच्यासमोर आपली चार. रोज शाळा भरल्यावर पहिली पंधरा मिनिटं फक्त त्या तक्त्यावर काम. 'ळ' मात्र तिला पहिल्या दिवसापासून स्वच्छ यायचा, कारण तो तमिळमध्येही आहे. हे मॅडमनी वर्गाला मोठ्यानं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती धडा अडखळत का होईना, पण स्वतः वाचत होती.

गणितातही असंच. बेरीज-वजाबाकी तिला चांगली येते, पण आकडे ऐकून लिहायचे म्हटलं की घोटाळा. 'सत्तेचाळीस' म्हटलं की 74, कारण कानावर सात आधी पडतो. तमिळमध्ये चाळीस आधी आणि सात नंतर. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी मोजणी आणली तेव्हा केवढी ओरड झाली होती! माझ्या पोरीला तीच मोजणी तारून गेली. मॅडम आधी 'चाळीस सात' म्हणवून घ्यायच्या, मग 'सत्तेचाळीस'. पुस्तकात काय असावं यावर शहाणी माणसं भांडत राहोत, पण ज्याच्या घरी दुसरी भाषा आहे त्या पोराला ही पायरी लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

संक्रांतीला शाळेनं तिला पोंगलची माहिती सांगायला उभं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. तेही बरंच झालं. पण मला विचाराल तर त्या पुठ्ठ्याच्या तक्त्याची किंमत जास्त आहे. सण एका दिवसात साजरा होतो, तक्त्यासाठी मॅडम कित्येक आठवडे खपल्या.

धाकट्याचा वर्ग सरांकडं. पहिल्या आठवड्यात सर बोलत बोलत फळ्यावर लिहायचे आणि पाठ फिरली की याला काही कळायचं नाही. मी जाऊन सांगितलं. तेव्हापासून लिहायचं तेव्हा गप्प लिहायचं आणि वळून मग बोलायचं, अशी सवय त्यांनी लावून घेतली. त्याची जागा अशी ठरवली की मशीनचा कान वर्गाकडं राहील. श्रुतलेखनाला सर त्याच्या समोर उभे राहतात, ओठ दिसले पाहिजेत म्हणून. एका परिपाठात त्यालाच मशीन दाखवायला लावलं: बॅटरी कुठं, बटण कुठं, ओलं का होऊ द्यायचं नाही. त्यानंतर पोरांनी मशीन ओढणं बंद केलं. या कशालाच पैसा लागला नाही.

आता जे खटकलं ते. खोल्यांना पत्रा आहे. पाऊस लागला की मशीनमध्ये नुसता गडगडाट होतो, पोरगा मशीन काढून ठेवतो आणि तो दिवस वाया जातो. आतून छत घालावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत मी विषय मांडला, अजून काही झालेलं नाही. गटसाधन केंद्रातून, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या सरकारी केंद्रातून, विशेष शिक्षक यायला हवेत. ते येतात तेव्हा काम मनापासून करतात, पण त्यांच्याकडं इतक्या शाळा आहेत की आमची पाळी फार उशिरा येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, कमी ऐकू येणं त्यात आहे. प्रत्येक पोराला त्याच्या गरजेप्रमाणं मदत द्यायची, हेही त्यात आहे. ती मदत द्यायला माणूस मात्र पुरेसा नाही.

दुसरी तक्रार जास्त लागणारी. पोरं थोरलीला 'मद्राशी' म्हणायची. सरांना सांगितलं तर म्हणाले, "लहान आहेत, विसरतील." विसरली नाहीत. शेवटी मॅडमनी वर्गात बसवून ते थांबवलं. चिडवणं आपोआप थांबेल, असं कुठल्याच शिक्षकानं धरून चालू नये.

आणि तिसरी, जी माझ्या पोरांची नाही. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीची कुटुंबं येतात, त्यांची पोरंही याच शाळेत बसतात. स्थलांतर करणाऱ्या पोरांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड असलं की मागची इयत्ता कळते, आणि शाळा त्यांना बिनबोभाट घेते, हे चांगलंच. पण 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला ती पोरं घरच्या कपड्यांत सगळ्यात मागच्या रांगेत उभी होती. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवलं. त्यांचा फोटो आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे. मी सरांना तिथंच म्हटलं, रांग उंचीप्रमाणं लावा. पुढच्या कार्यक्रमाला तशी लागली. गणवेशाचा प्रश्न तसाच आहे.

सगळ्यात मोठी भीती बदलीची. जे चांगलं चाललंय ते या दोन माणसांमुळं चाललंय. उद्या मॅडमची बदली झाली तर तक्ता कपाटात जाईल. म्हणून मी दोन्ही पोरांचं एकेक पान लिहून घेतलंय, काय जमतं, कुठं अडतं, कसं शिकवलं की कळतं, आणि त्यावर सर-मॅडम दोघांच्या सह्या घेऊन एक प्रत शाळेच्या फाइलला लावायला दिली आहे. तुम्हीही मागा. शिक्षक नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

पाचपैकी चार गुण देईन. एक गुण पत्र्याचा आणि मागच्या रांगेचा कापला.

येणार असाल तर जूनमध्ये शाळा उघडतानाच या. तिकडचा दाखला हातात यायला वेळ लागत असेल तरी थांबू नका. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पोरांची तिकडची पुस्तकं आणि वह्या मात्र रद्दीत घालू नका. मॅडमनी पहिल्या दिवशी आमच्याकडं तीच मागितली होती.