कोकणातले तीन गुंठे आणि माझे १०,३७,५०० रुपये

महाराष्ट्राबाहेर राहून कोकणात जागा घ्यायचं मनात असेल, तर टोकन पाठवण्याआधी हे वाचा. मी बडोद्यात राहते. २६ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. हिशेबात मला कोणी सहज गंडवेल असं कुणीच म्हणणार नाही, तरीही माझे पैसे गेले. लिहिताना लाज वाटतेय. पूर्ण रक्कम घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. सुनेला आम्ही 'दोनेक लाख अडकलेत' एवढंच सांगितलंय.

प्रकार नेहमीचाच. मोबाइलवर हिरव्या डोंगराचा व्हिडिओ, 'बिनशेती प्लॉट' (म्हणजे शेतीखेरीज वापराला परवानगी असलेला), समुद्र २० मिनिटांवर, सागरी महामार्ग झाला की भाव तिप्पट. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या पणजोबांचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, पण तिथे आता आमची वीतभर जमीन नाही. एजंटने पहिल्याच फोनवर मूळ गाव विचारलं आणि म्हणाला, "काकू, म्हणजे तुम्ही घरच्याच." त्या एका वाक्याने मी अर्धी कबूल झाले होते.

दर ३,१०,००० रुपये गुंठा. तीन गुंठ्यांचे ९,३०,०००. जानेवारी २०२५ मध्ये टोकन ५१,०००, मार्चमध्ये ४,००,०००, मे महिन्यात उरलेले ४,७९,०००. शिवाय बिनशेती, कुंपण आणि 'उताऱ्यावर नाव लावणं' यासाठी ८५,००० रोख, आणि वकिलाची फी म्हणून २२,५००. वकील त्यांचाच. हातात काय पडलं? ५०० रुपयांच्या स्टँपवरचं नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे पुढे विकू एवढाच करार. खरेदीखत बिनशेतीचा आदेश आल्यावर करू म्हणाले. नोटरीच्या शिक्क्याने जमीन नावावर होत नाही; दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवल्याशिवाय मालकी येत नाही. हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही, ती सांगते. फेब्रुवारीत आम्ही दोघं जागा बघायला गेलो. निळे रंगवलेले सिमेंटचे खांब, लाल मातीचा नवा रस्ता, वर काजूची झाडं. नवरा फोटो काढत होता. खालून गवताचा भारा घेऊन एक आजोबा आले, थांबले आणि मला म्हणाले, "कोणाच्या वाट्यातलं बघताय? वाटप झालेलं नाय अजून." एवढंच. एजंट हसला, म्हणाला, "आजोबांना आता आठवत नाही काही," आणि मला गाडीकडे घेऊन गेला. आजोबा तिथेच उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, एजंटकडे नाही. मी मागे वळून पाहिलं. मला दोन पावलं खाली उतरून विचारता आलं असतं, "आजोबा, वाटप कोणाकोणात व्हायचंय?" मी नाही विचारलं. ऊन होतं, परतीची गाडी गाठायची होती, आणि एजंटला वाईट वाटेल असंही वाटलं. त्याला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले!

तेव्हा हातात फक्त ५१,००० चा प्रश्न होता.

सातबारा मी मागितला होता, बरं का. त्यांनी फोटो पाठवला, उजवी बाजू कापलेला. मला वाटलं फोनवर नीट आला नसेल. 'इतर अधिकार' हा रकाना नेमका उजवीकडेच असतो. ऑगस्टमध्ये एजंटचे फोन लागेनासे झाले, तेव्हा भाच्याने जमिनीच्या नोंदींच्या महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला. त्यावर ११ नावं. एजंटकडे त्यातल्या तिघांचंच कुलमुखत्यारपत्र. आणि उजवीकडे कुळकायदा कलम ४३ ची नोंद, म्हणजे कुळाला, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, कायद्याने मिळालेली जमीन, विक्रीवर बंधन. जमीन आजही शेतीचीच. १९४८ च्या कुळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. गुजरातेतही हेच आहे, आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. 'बिनशेती होणारच आहे, मग तुम्हाला लागू नाही,' असं तो म्हणाला आणि मी मानलं. 'होणार आहे' आणि 'झाली आहे' यात फरक आहे. बिनशेती झाल्याचा सरकारी कागद क्रमांक आणि तारखेसकट हातात घ्या. प्लॉट पाडून विकत असतील तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः तपासा.

मग सुरू झाली वणवण. इथल्या ठाण्यात म्हणाले, प्रकार महाराष्ट्रात घडला, तिकडे जा. रात्रभर प्रवास करून तिकडे गेले. चार तास बाकावर बसवलं आणि ऐकवलं, "पैसे तुम्ही स्वतः बँकेतून दिलेत, कागदावर सही आहे, ही दिवाणी बाब आहे." अकरातल्या तिघांच्या नावावर अख्खा डोंगर विकणं ही दिवाणी बाब? नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ छापून इथल्या ठाण्यात पुन्हा गेले. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची असते. साहेबांनी कागद वाचलाच नाही. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, बघून घ्यायला नको होतं?" हेच तर मी रोज स्वतःला विचारते, ते ऐकायला मला पोलीस ठाण्यात जायची गरज नव्हती. महसूल कार्यालयातली तऱ्हा आणखी वेगळी. "या गटात तुमचं नाव नाही, तुमचा संबंध काय?" संबंध १०,३७,५०० रुपयांचा! तिसऱ्या खेपेला पोलिसांकडे कळलं की आधीचे अधिकारी बदलून गेले, अर्ज सापडत नाही, नवीन द्या. पोच घेतली होती म्हणून बरं. प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या, नाहीतर तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं ठरतं.

जागा एजंटशिवाय बघा, शक्यतो जुलैत. आमचा तो 'रस्ता' पावसात ओहोळ होता आणि गावनकाशात नव्हताच. ८५,००० रोख दिले त्याचा माझ्याकडे आज कसलाही पुरावा नाही, तेव्हा रोख एक रुपयाही देऊ नका. वकील तालुक्याचा घ्या, पण एजंटने सुचवलेला नको, आणि ३० वर्षांचा शोध अहवाल (जमीन कोणाकोणाच्या नावावर होती, त्यावर काय बोजा आहे) त्याच्या सहीने मागा. भाऊबंदकीच्या जमिनीत प्रत्येक नावाच्या माणसाला समोर बसवा, मुंबईत असेल तरी.

आता मी कोर्टात जाणार आहे. त्याचा खर्च वेगळा.

मागच्या आठवड्यात तोच डोंगर पुन्हा मोबाइलवर आला, प्रकल्पाचं नाव नवीन, खांब आता पिवळे. तुमच्याकडे आला तर गट क्रमांक मागा. देणार नाहीत.