पेअर घ्यायचे तर डहाणूकर कॉलनीतल्या फळवाल्या काकांकडूनच

पाच स्टार. भाव सफरचंदापेक्षा बराच चढा आहे, पण माल बघाल तर पटेल.

पेअर झाडावरच पिकू दिला तर बियांच्या बाजूने आधी नासतो आणि गर रवाळ होतो, म्हणून कडक असतानाच तोडून लगेच थंड करतात, साधारण उणे १ ते ० डिग्री, आणि हवेत ९०-९५ टक्के ओलावा, नाहीतर साल सुरकुतते. आणि ही थंडी नुसती टिकवायला नसते हं, युरोपियन जातींना नीट पिकायलाच ती लागते, बार्टलेटला दोन-तीन आठवडे तर आंजूला जवळपास दोन महिने! पण मर्यादेपेक्षा जास्त दिवस राहिला की बाहेरून हिरवागार आणि आतून तपकिरी. एका मोठ्या दुकानातून मी असेच आणले होते, वरून एक डाग नाही आणि कापल्यावर मधला सगळा भाग काळपट, इतके पैसे देऊन फेकायला जीवावर येतं.

काकांकडे साऊथ आफ्रिकेचा पॅकहॅम जातीचा पेअर असतो. तिकडे तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो नवा माल आणि दिवाळीच्या आसपासचा म्हणजे कित्येक महिने कोल्ड स्टोरेजमध्ये काढलेला, हे काका न विचारता सांगतात. खोकी कूलरमध्येच असतात, लागतील तेवढीच बाहेर काढतात, "आज खायचाय का परवा?" विचारून देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून निवडून देतात. देठाजवळ दबला की तयार, पोटाकडे मऊ व्हायची वाट बघत बसलात तर आतून गेलेला असतो.

घरी आणल्यावर कडक असेल तर बाहेरच ठेवा, घाई असेल तर पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने लवकर पिकतो, आणि मग फ्रिजमध्ये.

एकच तक्रार, सुटे घेतले तर पॅकिंगची तारीख कळत नाही, खोक्यावरची तारीख पाटीवर लिहून लावली तर बरं होईल. काका वाचत असाल तर प्लीज करा.

पावसाळ्यात काश्मीर-हिमाचलचा बब्बूगोशा (हाही पेअरच) पण ठेवतात, फार रसाळ, पण तो झटकन मऊ पडतो त्यामुळे दोन दिवसांत संपेल एवढाच घ्या.