कमोडमधून "दगड" काढून दाखवणाऱ्यांपासून जपा

लिहू का नको करत होते, कारण स्वतःचा मूर्खपणा चारचौघांत सांगायचा म्हणजे जरा जीवावरच येतं. पण माझ्या ओळखीत अजून दोन घरी सेम टू सेम झालंय म्हटल्यावर म्हटलं लिहूनच टाकू.

आमचं कमोड जुनं आहे, घर घेतलं तेव्हाचंच. पाणी बोअरचं, खारं. नळाच्या तोंडाला पांढरी पापुद्री धरते, तसंच भांड्यातही पाण्याच्या रेषेवर एक पिवळट-तपकिरी कडं झालेलं. ब्रशने कितीही घासा, ढिम्म. वर फ्लशही मरगळलेला, दोनदा तीनदा दाबल्याशिवाय काही जायचंच नाही. पाहुणे यायचे होते म्हणून घाई, आणि घाईत मी एका स्टिकरवरच्या नंबरला फोन केला. "जुने कमोड नव्यासारखे, तोडफोड नाही" असं लिहिलेलं. इथेच पहिली चूक.

माणूस आला. बोलायला एकदम गोड, ताई ताई. बॅटरी मारून अर्धा मिनिट आत बघितलं आणि डॉक्टर मान हलवतात तशी हलवली. "ताई, पाइप आतून दगड झालाय. अजून सहा महिने थांबला असता तर फरशी फोडावी लागली असती." मग म्हणे एक बादली गरम पाणी आणि जुना टॉवेल द्या. मी गेले पाणी तापवायला, त्यात दहा मिनिटं गेली. परत येऊन बघते तर पेपरावर लिंबाएवढा पांढरा-पिवळा ओला गोळा. "बघा, हा आत्ता निघाला, असे अजून आठ-दहा आहेत." मला शिसारीच आली आणि खरं सांगते, थोडं हायसंही वाटलं, की चला कारण सापडलं.

नंतर बिनलेबलच्या पांढऱ्या कॅनमधून काहीतरी ओतलं, "बाहेरचं केमिकल आहे, दुकानात मिळत नाही" म्हणाला, आणि एक तास दार बंद. वास पोहण्याच्या तलावावर येतो ना अगदी तसा. तासाने दार उघडलं तर भांडं पांढरंशुभ्र! फ्लशही दणक्यात. मी खूश, पैसे दिले. किती ते सांगत नाही, पण नव्या कमोडच्या निम्मे तरी गेले. वर "पाइपलाइनचं दुसरं सिटिंग" म्हणून ॲडव्हान्सही दिला. नवरा म्हणत होता पावती घे, मी म्हटलं एवढा चांगला माणूस आहे.

त्याच रात्रीपासून टाकीतून बारीक झिरझिर आवाज. आठ-दहा दिवसांत कडं परत पिवळं. नंबर स्विच ऑफ.

आमच्या वर एक काका राहतात, आयुष्यभर प्लंबिंगचंच काम केलेले, आता रिटायर. त्यांना सांगितलं तर आधी ते हसले, मग म्हणाले अर्धी बादली पाणी आण. ते पाणी कमरेच्या उंचीवरून एका दमात थेट भांड्यात ओतलं, आणि गडगड करून सगळं एका झटक्यात खाली गेलं. "पाइप तुंबलेला असता तर पाणी वर चढलं असतं ना गं. तुझा पाइप मोकळा आहे, आधीपासून मोकळाच असणार." मग छोटा आरसा मागितला आणि कडेच्या खाली, जिथून फ्लशचं पाणी भांड्यात उतरतं, तिथे धरून मला दाखवलं. एवढी वर्षं टॉयलेट साफ करतेय पण तिथे कधी डोकावले नव्हते. ओळीने बारीक भोकं, आणि निम्म्याहून जास्त भोकांवर दातांवर कीटण चढतं तसा थर, काही तर पूर्ण बुजलेली. पाणी यायलाच जागा नाही तर फ्लशला जोर कुठून येणार!

टाकीचं झाकण काढलं तेव्हा दुसरी गंमत कळली. त्या पठ्ठ्याने फ्लोट, म्हणजे टाकीत पाणी किती भरायचं ते ठरवणारा तरंगता फुगा, वर चढवून ठेवलेला. टाकीत पाणी जास्त भरलं की फ्लश जोरात वाटतो, पण ते जास्तीचं पाणी मधल्या उभ्या नळीतून रात्रंदिवस भांड्यात वाहून जातं. तोच तो झिरझिर आवाज.

आणि पांढरंशुभ्र कसं झालं? साधं ब्लीच. काकांनी सांगितलं की ब्लीच डागाचा रंग उडवतं, पण क्षार त्याने विरघळत नाहीत, त्याला आम्लच लागतं. थर जागच्या जागी होता, फक्त पांढरा झालेला म्हणून दिसत नव्हता. त्याच दिवशी ग्लोव्ह घालून नुसतं बोट फिरवलं असतं तरी खरखर लागली असती. मी नुसती बघत बसले.

तो गोळा मी पिशवीत जपून ठेवला होता, नवऱ्याला दाखवायला. काकांनी दोन वाट्यांत व्हिनेगर घेतलं, एकीत भोकाजवळून खरवडलेली खपली, दुसरीत गोळ्याचा तुकडा. खपलीला लगेच बारीक बुडबुडे, कारण पाण्यातला चुना आम्लात फसफसतो. गोळा मात्र शांत, एक बुडबुडा नाही. काय होतं देव जाणे, काका म्हणाले प्लास्टर असेल. म्हणजे तो माणूस खिशात दगड घेऊनच हिंडतो!

पुढचं काम आम्हीच केलं. आधी दोन दिवस नुसतं पाणी सोडत राहिलो कारण ब्लीचचा अंश राहिला आणि त्यावर आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद टॉयलेटमध्ये तो जीवावर बेतू शकतो, हे प्लीज लक्षात ठेवा. मग ब्रशने दाबून दाबून भांड्यातलं पाणी खाली ढकललं (नाहीतर आम्ल पातळ होऊन जातं), आणि लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवलं. उकळतं ओतू नका, जुनं भांडं तडकतं. कडेखाली टिश्यू पेपर त्याच पाण्यात भिजवून कोंबले, थोडं टाकीतल्या उभ्या नळीतून सोडलं, म्हणजे ते आतून भोकांपर्यंत पोचतं. सकाळी प्लॅस्टिकच्या काडीने एकेक भोक मोकळं केलं. लोखंडी तार काकांनी घेऊ दिली नाही, भांड्यावर काळपट ओरखडे पडतात म्हणे, आणि पॉलिश पेपर तर अजिबात नको, चकाकी गेली की थर अजून लवकर धरतो. तीन रात्री लागल्या. शेवटी कडं ओल्या बिस्किटासारखं सुटून आलं. फ्लोट खाली घेतल्यावर आवाजही बंद.

आमचं पाणी नंतर तपासून घेतलं, हार्डनेस (म्हणजे पाण्यात विरघळलेला चुना वगैरे) लिटरला ३०० मिलीग्रॅमच्या वर निघाला. १८० च्या पुढे गेलं की खूप हार्ड म्हणतात, तेव्हा हे परत होणारच, दर महिन्याला एक रात्र लिंबूसत्व टाकतो आता.

तुमच्याकडे असं कोणी आलं तर आधी त्याच्यासमोर बादली ओता, तो काम करत असताना तिथून हलू नका, गरम पाणी मागितलं तरी, आणि बिनलेबलचा कॅन आत घेऊच देऊ नका.

ॲडव्हान्स गेला तो गेलाच. परवा मात्र वेगळ्याच नंबरवरून फोन आला, "ताई, जुन्या कमोडची सर्व्हिस करून घ्यायची का?" आवाज तोच. मी म्हटलं या ना, तुमचा दगड पण आहे माझ्याकडे, घेऊन जा. फोन कट.