पहिली फिल्म: कथा की माहितीपट?

फिल्म शिकणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मला तो दोन वर्षं लागोपाठ पडला. पहिल्या वर्षी मी 12 मिनिटांचा कथा-लघुपट केला, दुसऱ्या वर्षी 14 मिनिटांचा माहितीपट. सध्या जे ठरवायला बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

कथा म्हणजे रचलेलं आणि माहितीपट म्हणजे जसं घडलं तसं, अशी वाटणी बरेच जण करतात. मीही करायचे. पण सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या ल्युमिएर बंधूंची कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांची 1895 ची फिल्म घ्या. तिची तीन वेगवेगळी चित्रणं आहेत: एकात गाडीला एक घोडा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात घोडाच नाही. रीटेक तेव्हापासूनचा आहे. रॉबर्ट फ्लाहर्टीने 1922 च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या माहितीपटासाठी बर्फाचं घर एका बाजूने उघडं ठेवून बांधून घेतलं, कारण आतल्या अंधारात चित्रण होईना. तेव्हा खरं-खोटं हा फरक बाजूला ठेवा. माझ्या मते फरक एवढाच, की कथेत बहुतेक निर्णय शूटिंगच्या आधी घ्यावे लागतात आणि माहितीपटात नंतर. बाकीचं सगळं, वेळ, माणसं, डोक्याला होणारा ताप, यातूनच येतं.

माझ्या कथेत एक ओळ होती: ‘तो कुलूप उघडतो, पण आत जात नाही.’ लिहायला दहा सेकंद लागली असतील. शूट करायला सहा तास गेले. एक शॉट बाहेरून, एक हाताचा क्लोजअप, एक घराच्या आतून, दार उघडताना उजेडाची पट्टी जमिनीवर येते तो. आतल्या शॉटमध्ये कुलूप त्याच्या डाव्या हातात आहे आणि बाहेरच्या शॉटमध्ये उजव्या, हे लक्षात आलं तेव्हा ऊन सरकलेलं होतं. बाहेरचा शॉट पुन्हा घेता येईना. पण खरी अडचण वेगळीच होती. नटाने विचारलं, ‘हा आत का जात नाही?’ मी म्हटलं, ‘जरा उदास आहे.’ त्याने तीन टेक उदास चेहरा करून दाखवला आणि तिन्ही खोटे वाटले. कॅमेऱ्यावरची मैत्रीण म्हणाली, ‘त्याला काहीतरी करायला दे ना.’ मग मी नटाला सांगितलं की किल्ली खिशात टाकायची की कुलपालाच राहू द्यायची, हे तुझं ठरत नाहीये. पुढच्याच टेकला सीन उभा राहिला. नटाला भावना सांगायची नसते, काम द्यायचं असतं, हे मी त्या दारात शिकले. वर्गातल्या कुठल्याही तासाला ते इतकं आत उतरलं नव्हतं.

कथेने मला शिस्त लावली. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशोब अंगवळणी पडला. शॉट आधी पाहायची, कागदावर तोडायची सवय लागली. मोबदल्यात तारखा जुळवाव्या लागतात, एकाच दिवशी दहा माणसं हजर लागतात, आणि एक जण आला नाही तर दिवस जातो. पण संकलन सोपं गेलं. जेमतेम पावणेदोन तासांचं फुटेज, नऊ दिवसांत रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, तयार.

माहितीपटाचं गणित पूर्ण उलटं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांवर मी तो केला. आम्ही दोघीच होतो, एकीकडे कॅमेरा, एकीकडे माइक. पहिले चार दिवस काका कॅमेऱ्याशी बोलत होते, माझ्याशी नाही. त्यातलं काहीही वापरता आलं नाही. पाचव्या दिवशी मी प्रश्न विचारणं बंद केलं आणि नुसती बसून राहिले. डोळ्याला भिंग, चिमट्यात तिळापेक्षा लहान स्क्रू. रात्री हेडफोन लावून ऐकताना लक्षात आलं, की स्क्रू बसवताना दर वेळी त्यांचा श्वास थांबतो. बसला की सुटतो. लॅपल माइक शर्टाला होता म्हणून हे सापडलं. नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं.

शेवटी 19 तासांचं फुटेज जमलं. सेकंदाला 100 मेगाबिटने शूट केलं तर तासाला 45 जीबी लागतात, म्हणजे साधारण 855 जीबी, आणि दुसरी प्रत ठेवायची तर दुप्पट. हार्ड डिस्कचा हा हिशोब आधी करा, नंतर रडू येतं. सगळं पाहायला, बोलणं उतरवून काढायला आणि कापायला चार महिने गेले. सुरुवातीला मला वाटत होतं की ही फिल्म मागे पडत चाललेल्या धंद्याबद्दल आहे. संकलनाच्या टाइमलाइनवर ती निघाली थरथरायला लागलेल्या हाताबद्दल. श्वास त्यासाठीच थांबत होता.

हाताबद्दल त्यांनी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. संमतिपत्रावर सही होती, तरी मी त्यांना रफ कट दाखवला. त्यांनी एकच शॉट काढायला सांगितला. फिल्ममधला तो सगळ्यात चांगला शॉट होता. मी काढला. कथेतलं पात्र फिल्म संपली की संपतं, काका दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलाशी बसतात. हे ओझं पेलायची तयारी नसेल, तर माहितीपटाच्या वाटेला जाऊ नका.

मग आधी काय करावं? हातात सहा महिने असतील तर माझं मत माहितीपटाच्या बाजूने आहे. त्यानंतर मी कथा लिहायला बसले तेव्हा पात्रांना उदास करणं आपोआप थांबलं. ती हाताने काय करतात, हे मला आधी दिसायला लागलं. पण सादरीकरणाची तारीख दोन महिन्यांवर आली असेल तर सरळ कथा करा. पाच-सहा पानांची, दोन पात्रं, एक जागा. अर्धवट माहितीपटाला वेळेवर शेवट सापडत नाही. आणि ‘मला नटांशी बोलायला जमत नाही, म्हणून माहितीपट’ असं कोणी म्हणत असेल तर थांबा. अनोळखी माणसाच्या आयुष्यात शिरायला त्याहून जास्त बोलावं लागतं आणि बराच वेळ गप्पही बसावं लागतं.

रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसताना त्या जागेचा नुसता आवाज, दोन्हीकडे घ्या, प्रत्येक जागी पूर्ण एक मिनिट. कथेच्या वेळी मी तो विसरले आणि कुलपाच्या सीनमध्ये कट पडला की मागची शांतता बदलते, ती आजही ऐकू येते.

अजूनही ठरत नसेल तर दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी ज्याच्यावर माहितीपट करायचा त्या माणसाजवळ कॅमेरा न घेता तीन तास बसा. दुसऱ्या दिवशी कथेतला मुख्य प्रसंग एकही संवाद न वापरता एका पानात लिहा. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पान पुन्हा उघडावंसं वाटतंय की त्या माणसाकडे परत जावंसं वाटतंय, ते बघा.