पाहुण्याला कुठे न्यावे: माटुंगा की भेंडीबाजार?

मुंबईत आलेल्या पाहुण्याला एका वेळच्या खाण्यातून शहर दाखवायचे असेल, तर माझ्यापुढे नेहमी हे दोनच पर्याय उरतात. दोन्हीकडचे पदार्थ सर्वांना ठाऊक आहेत. फरक पडतो तो वस्तीच्या स्वभावामुळे.

माटुंगा आखीव आहे. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हा भाग आखला, दक्षिणेकडचे नोकरदार इथे स्थिरावले आणि १९४२ साली रामा नायक यांचे बोर्डिंग, म्हणजे खाणावळ, सुरू झाले. त्या काळातली शिस्त अजून टिकून आहे. सकाळी देवळाची वेळ सांभाळून पेटलेल्या भट्ट्या, ठरलेली चव, झटपट हिशेब. शाकाहारी पाहुणा किंवा सोबत वडीलधारी मंडळी असतील, तर फार विचार करण्याचे कारण नाही.

भेंडीबाजार मुळात बाजारपेठ आहे आणि दुकानांचे शटर पडल्यावरच तो खऱ्या अर्थाने जेवायला बसतो. रात्रभर मंद आचेवर ठेवावी लागणारी निहारी, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, अशा जाग्या वस्तीतच रुजते. जे. जे. उड्डाणपुलावरून जाणाऱ्यांना मात्र इमारतींच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्याच दिसतात. खाली शिगांवरून निखाऱ्यांवर ठिबकणारी चरबी आणि तिचा डोळ्यांत जाणारा धूर त्यांच्या गावीही नसतो. रमजानात मिनारा मशिदीच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, हे मान्य करायला हवे.

तरीही माझा कल भेंडीबाजाराकडे झुकला, तो माटुंग्यातल्या एका त्रासामुळे. रविवारी सकाळी जागा मिळते ती पदपथावर ताटकळल्यावर. आणि पेल्यातली कॉफी वाटीत ओतून निववू लागावे, तोच पुढचे कुटुंब खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहते. कोणी काही बोलत नाही, पण घोट घाईने घेतला जातो आणि पाहुण्याशी सुरू झालेले बोलणे अर्धवट राहते. दोष कुणा एका उपाहारगृहाचा नाही. जागा लहान आणि सारे शहर तिथेच लोटते. भेंडीबाजारात बाकडे मळकट असेल, वेटर हाक मारूनही वळणार नाही, पण फिरनीचे मातीचे भांडे रिकामे झाल्यावरही उठवायला सहसा कोणी येत नाही.

सवड असल्यास रमजान सोडून एखाद्या कामाच्या दिवशी, रात्री उशिरा जावे. जुन्या चाळी पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत, त्यामुळे हा बेत फार लांबणीवर टाकू नये, असे मला वाटते.