गेटच्या कार्डांत गेलेले २७,४०० रुपये

लाज वाटतेय, पण लिहितेच. मुलुंडच्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार. गेटची सिस्टिम बसवणारा जुना माणूस धंदा गुंडाळून गेला, कागद कुठेच नाहीत, आणि भाडेकरू, कामवाल्या मावश्यांसाठी नवी कार्डं हवी होती. वॉचमनने एक नंबर दिला. तो आला. ६० कार्डं, २४० ला एक, म्हणजे १४,४००. वर ‘एन्कोडिंग’चे, म्हणजे कार्डात नंबर भरण्याचे, ३,०००. सगळे आधी, यूपीआयवर.

त्याने आमचं जुनं कार्ड माझ्याच फोनच्या पाठीला टेकवलं. फोन गप्प. मग त्याचं टेकवलं, टिंग! “बघा मॅडम, तुमची चिप डेड झालीये, आपली लाइव्ह आहे.” मी मान डोलावली. अहो, तेच ‘डेड’ कार्ड दाखवून मी पाच मिनिटांपूर्वी गेटमधून आत आले होते! दोन कार्डं दोन जातींची आहेत हे फोन मला सांगत होता आणि मी पैसे पाठवत होते. ती टिंग अजून कानातून जात नाही.

फोनचं एनएफसी, म्हणजे टेकवलेलं कार्ड वाचायची सोय, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. आमचा रीडर, म्हणजे गेटवरचं कार्ड वाचणारं यंत्र, १२५ किलोहर्ट्झचा. एकाला दुसरा दिसतच नाही. नवी कार्डं लावली तर रीडरने बीप दिला नाही की लाल दिवा दाखवला नाही. नुसती कार्डाची नोंद करायची राहिली असती तर रीडरने निदान नकार तरी दिला असता. पण त्या माणसाने रीडरच खराब ठरवला, नव्याचे २६,५०० सांगितले, १०,००० ॲडव्हान्स घेतला आणि फोन बंद. दिले मी, कारण ४८ घरं ग्रुपवर ओरडत होती. दोन्ही कार्डं पांढरी, एटीएम कार्डाएवढी. मी जन्मभर हिशेब केले, चिपा नाही. कुणाला नुसतं बघून ओळखता आलं असतं?

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या दुकानदाराने मात्र मिनिटात ओळखलं. कार्डामागे मोबाइलचा टॉर्च धरला: आत तारेचं गोल, दाट वेटोळं. १३.५६ वाल्यात बहुतेक वेळा कडेने चौकोनी, मोजके वेढे असतात. आमच्या कार्डावर दहा आकडी नंबर, पुढे तीन आकडे, स्वल्पविराम, पाच आकडे असं छापलंय. असा नंबर कारखान्यातूनच पक्का येतो, सिस्टिममध्ये फक्त नोंदवायचा. म्हणजे एन्कोडिंगचे ३,००० निव्वळ थाप! त्याचं ३० रुपयांचं कार्ड नोंदवलं, त्याच संध्याकाळी गेट उघडलं.

फोनने तपासणार असाल तर एनएफसी चालू आहे ना ते आधी टॅप करून पैसे भरायच्या बँक कार्डावर बघा. आणि एक कार्ड गेटवर चालल्याशिवाय रुपया सोडू नका.

पोलीस ठाण्यात चार हेलपाटे घातले. “माल मिळाला ना? मग दिवाणी मॅटर.” भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कागदावर लिहून नेलं, तर साहेब बंदोबस्ताला. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर आला होता, हे ठाण्याचं काम. ठाणं म्हणालं, यूपीआय आहे, सायबरचं काम. बँकेने सुनावलं, पिन तुम्हीच टाकलात. हो, मीच टाकला! म्हणून चोर मोकळा? त्याचा नंबर, खातं, कॅमेऱ्यातला चेहरा, सगळं पेन ड्राइव्हमध्ये दिलंय. तो त्यांनी अजून लावून बघितलेला नाही. अर्जाची पोच काल मिळाली, तिच्यावर ना शिक्का ना तारीख. शिक्का-तारीख घालून घ्यायला उद्या पाचव्यांदा जाणार आहे.